भुरीचं नाक

भुरी घरात आली तेव्हा दीपा बारा वर्षांची होती. शेतकरी शंकरसिंगच्या तांड्यावर एक कुत्री जीपखाली मेली, तिची तीन पिल्लं गोठ्यात केकाटत राहिली. त्यातलं एक दीपानं ओढणीत गुंडाळून घरी आणलं. तिची आई कांताबाई म्हणाली, "आपलंच पोट भरता भरत नाही, अन् हे कायले आनलं वं?" पण तिनंच वाटीत दूध ओतलं.

दीपाला मिरगी होती. यवतमाळच्या दवाखान्यातल्या गोळ्या सुरू होत्या. त्यांनी झटके कमी झाले, थांबले नाहीत. सातवीत असताना ती वर्गात पडली, बाकाच्या कडेवर आपटून पुढचा दात अर्धा तुटला. मास्तरांनी सांगितलं, हिच्यासोबत घरचं कोणीतरी बसलं पाहिजे. घरचं कोण बसणार? बाप नागोराव आणि कांताबाई दोघंही मजुरीला जायचे. दीपाची शाळा सुटली. दिवसभर ती दारातल्या बाजेवर बसून असायची. विहिरीवर जायचं नाही, चुलीजवळ बसायचं नाही, धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, एकटीनं फिरायचं नाही.

भुरी वर्षाची झाली तेव्हा कांताबाईच्या एक गोष्ट लक्षात आली. दीपा तांदूळ निवडत होती. भुरी झोपेतून उठली, दीपाच्या हाताला, मानेला हुंगायला लागली. मग बारीक आवाजात कुंईकुंई करत तिनं दीपाच्या कुर्त्याची कड दातात धरली आणि खाली ओढायला लागली. दीपानं तिला ढकललं. ती पुन्हा आली. कांताबाई चिडून काठी घ्यायला वळली, तेवढ्यात दीपाचे डोळे फिरले.

पुढच्या खेपेला तसंच झालं. त्याच्या पुढच्या खेपेलाही. दहा मिनिटं आधी, कधी पंधरा. कांताबाईनं हे नागोरावला सांगितलं तेव्हा तो हसला नाही. म्हणाला, "पोरीच्या अंगाचा वास बदलत असन तवा. आपल्याले नाही येत, तिले येते."

शेजारची मथुराबाई काय काय बोलायची. हा काही देवाधर्माचा प्रकार आहे, नारळ फोडा. नागोराव म्हणायचा, "मावशी, नाक हाये थे. नाकाले कायचा नारळ?"

भुरीनं ओढलं की दीपा जिथे असेल तिथे खाली बसायची, कुशीवर आडवी व्हायची. झटका यायचा आणि जायचा. भुरी तिच्या पाठीला पाठ लावून बसून राहायची. दीपाचं पडणं थांबलं. महिनाभर बघून नागोराव मुलीला आणि कुत्रीला घेऊन शाळेत गेला. मास्तरांनी कुत्रीला एकदा न्याहाळलं. मग म्हणाले, "कुत्री दाराबाहेर बसेल. पोरांना चावली तर मात्र उद्यापासून नाही."

भुरी कोणाला चावली नाही. हायस्कूल नाल्यापलीकडच्या गावात होतं, अर्ध्या तासाची वाट. पुढे दीपा, मागे भुरी. आठवीत दीपाचा वर्गात तिसरा नंबर आला. नववीत ती आईला म्हणाली, "मा, मी नर्स होईन. दिग्रसले शिकाले ठेवशील काय मले?" कांताबाईनं तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला. ह्या पोरीला उद्या काय होईल याचा विचार करायचं तिनं कधीच सोडून दिलं होतं. आता तीच पोरगी पुढच्या पाच वर्षांचं बोलत होती.

मग बोंडअळीचं साल आलं.

त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेली. अळी बोंडाच्या आत, वरून दिसत नाही. जो तो औषध मारत होता. एकाने भागलं नाही की दोन-दोन, तीन-तीन एकत्र करून मारत होता. नागोराव फवारणीचा पक्का मजूर. पाठीवर पंप, तोंडाला दुपट्टा, हात उघडेच. उंच पऱ्हाटीत नळी वर धरून मारावं लागे आणि फवारा सगळा त्याच्याच अंगावर उतरे. तो घरी आला की भुरी लांब उभी राहायची, शिंकायची. त्यानं आंघोळ केल्याशिवाय जवळ यायची नाही.

एकदा दिवस मावळायला आला तरी तो आला नाही. शंकरसिंगच्या वावरात गेला होता. शंकरसिंगच धावत आला. "वहिनी, नागोराव दिसून नाही राह्यला. पंपाचा आवाज कवाचाच बंद झाला. आवाज देतो तं ओ नाही देत."

माणसं धुऱ्यावर उभी राहून हाका मारत होती. आत शिरलं तर दोन हातांपलीकडे दिसत नव्हतं. सगळ्या वावराला औषधाचा असा उग्र दर्प की कांताबाईचे डोळे चुरचुरायला लागले. दीपा भुरीला घेऊन आली. तिनं बापाचा घरातला सदरा भुरीच्या नाकाशी धरला. भुरी औषधाच्या दर्पानं मागे सरली, अंग झाडलं, दीपाकडे पाहिलं. मग नाक खाली घालून झाडांच्या दोन ओळींमधल्या तासात शिरली. थोड्या वेळानं आतून तिचं भुंकणं ऐकू आलं.

नागोराव पालथा पडला होता. पंप पाठीवरच होता, झाकणातून गळत होता. भुरी त्याचं तोंड चाटत होती, डोळे, हात, बोटं, एकेक. माणसांनी तिला ओढून बाजूला केलं तेव्हा तिच्या तोंडाला फेस आला होता.

"अर्धा तास उशीर झाला असता तर माणूस गेला होता," यवतमाळच्या डॉक्टरनं सांगितलं. नागोराव तेवीस दिवस दवाखान्यात होता. त्याच्यासारखे आणखी कितीतरी होते. काही खाटा सकाळी रिकाम्या झालेल्या दिसायच्या. नागोराव जगला. त्याचे डोळे गेले. उजेड-अंधार कळायचा, तेवढंच.

घरी दीपा भुरीला मांडीवर घेऊन बसली होती. ओल्या फडक्यानं तिच्या तोंडात थेंब थेंब पाणी सोडत होती. भुरीचे पाय ताठ व्हायचे, डोळ्यांतून पाणी वाहायचं. चौथ्या दिवशी ती उठून उभी राहिली. दीपानं दवाखान्यात शंकरसिंगच्या फोनवर निरोप धाडला, "बाबाले सांगा, भुरी जगली."

नागोराव घरी आला त्या दिवशी भुरी त्याच्यावर भुंकली. परक्या माणसावर भुंकावं तशी, मागे सरकत. "काहून वं भुरी, मी होय," तो म्हणाला, आणि आवाज ऐकल्याबरोबर ती धावत येऊन त्याच्या पायांत लोळली. दीपा हसली. "बाबा, तुमी बारीक झाले ना, मनून ओळखलं नाही तिनं."

कांताबाई हसली नाही. दोन दिवसांनी तिनं सुक्या बोंबलाचा तुकडा भुरीच्या मागे टाकला. भुरीनं मान वळवली नाही. तिनं तो तुकडा पायानं सरकवत तिच्या पंजाशी नेला. भुरी तिच्या तोंडाकडे बघत शेपटी हलवत राहिली.

आणखी चार दिवसांनी दीपाला अंगणात झटका आला, बऱ्याच दिवसांतला पहिलाच. भुरी तिच्या शेजारीच झोपली होती. दीपा धाडकन पडली, तेव्हा दचकून उठली. मग भेदरून तिच्याभोवती फिरायला लागली. नागोराव बाजेवर होता. कांताबाईनं धावत जाऊन मुलीचं डोकं मांडीवर घेतलं.

दीपा शुद्धीवर आली. कपाळाला खोक पडली होती. तिनं पहिलं विचारलं, "भुरीनं सांगतलं होतं ना?"

कांताबाईच्या तोंडाशी खरं आलं होतं. पण खरं सांगायचं म्हणजे काय, ते तिला माहीत होतं. पुन्हा ती बाज, पुन्हा ते दार. आणि आता त्या बाजेवर आंधळा बापही.

"सांगतलं," ती म्हणाली. "तूच नाही बसली."

दीपानं भुरीला जवळ ओढलं. "चुकी माहीच हाये वं भुरी. आता आयकन मी."

दिवाळीची सुट्टी संपली. त्या सकाळी कांताबाई कापसाच्या वेचणीला निघाली होती. एक दिवस घरी राहावं असं तिच्या मनात आलं. पण आता कमावणारी ती एकटीच उरली होती. दीपा वेण्या घालून तयार होती. "जाऊ ना मा?" तिनं विचारलं. कांताबाई म्हणाली, "जा. नाल्यात सांभाळून जाजो."

नाल्याला गुडघाभर पाणी होतं, त्यातून दगडांवर पाय देत जायची वाट. कसं झालं ते कोणी पाहिलं नाही. भुरीचं भुंकणं ऐकून बैलांना पाणी पाजायला आलेला उकंडा नावाचा गडी धावला. दीपा पाण्यात पालथी होती. भुरीनं तिच्या कुर्त्याची कड दातात धरून तिला काठाकडे ओढत आणलं होतं. पाय काठावर होते. तोंड पाण्यातच राहिलं होतं.

तेरवीला आलेली माणसं म्हणत होती, कुत्रीच्या भरवशावर पोरगी सोडली. मथुराबाईनं तर सांगितलं, कुत्रीला दिग्रसला नेऊन सोडून द्या. माणसं गेल्यावर कांताबाई नागोरावच्या बाजेजवळ जमिनीवर बसली.

"तिले वास येत नोहता," ती म्हणाली. "मले माहीत होतं. मी पोरीले खोटं सांगतलं."

नागोरावनं तिच्या आवाजाकडे तोंड वळवलं. "मलेबी माहीत होतं. त्या दिवशी मी अठीच होतो. भुरीनं आवाज नोहता केला."

"मंग बोलले काहून नाही?" कांताबाई ओरडलीच. "मी खोटं बोलून राह्यली होती, तुमी काहून नाही बोलले?"

"तिले शाळेत जाचं होतं ना वं," तो म्हणाला.

तिला वाटलं आपण ह्या माणसाला मारावं, आणि वाटलं, ह्याच्या गळ्यात पडावं. दोन्ही झालं नाही. ती उठून आत गेली. त्यानंतर कितीतरी दिवस ती दोघं कामापुरतं बोलली.

पलीकडच्या गावच्या शाळेला जाणाऱ्या पोरी रोज सकाळी घरावरून जात. निळे कुर्ते, पांढऱ्या ओढण्या, दोन वेण्या. त्या दिसल्या की भुरी सुटायची. एकीच्या पुढ्यात जाऊन तोंडाकडे बघायची, मग दुसरीच्या, मग तिसरीच्या. पोरी घाबरून किंचाळायच्या. एक पोरगी पळताना पडली, तेव्हा तिच्या बापानं येऊन निक्षून सांगितलं, कुत्री बांधा, नाहीतर मारून टाकतो.

कांताबाईनं तिला दोरीनं बांधलं आणि दोरी नागोरावच्या हातात दिली. वेचणी संपायची होती. अळीनं खाल्लेली, पिवळी पडलेली कवडी, म्हणजे खराब कापूस, बोंडांतून ओढून काढायची, ती तरी कोणीतरी वेचायला हवी होती. ती कमरेला ओटी बांधून निघाली.

कोपऱ्यावर पोहोचली तेव्हा पोरींचा आवाज जवळ येत होता. मागे भुरी दोरीला हिसके द्यायला लागली. नागोरावनं दोरी हाताला गुंडाळून घट्ट धरली होती. पोरींच्या पावलांकडे कान लावून तो कुत्रीला समजावत होता.

"नाही वं, थे नाही. थेबी नाही. ह्या दुसऱ्याच्या हायेत."