दहाऐवजी चार

मी एक जुनी तार आहे. सतारीची नव्हे, कपडे वाळत घालायचीही नव्हे. पितळी दांड्यात बसवलेली, टोकाला मसुराच्या दाण्याएवढं वेटोळं असलेली, प्रयोगशाळेतली तार. मित्रांनो, माझी गोष्ट आनंदाची नाही. पण ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

कारखान्यात मला ओढून ओढून बारीक केलं, तुकडे पाडले आणि एका पाकिटातून मी प्रयोगशाळेतल्या संशोधक बाईंच्या टेबलावर आले. बाई जंतूंकडून डिंक मिळवायच्या खटपटीत होत्या. हसू नका! काही जंतू साखर खातात आणि स्वतःभोवती चिकट डिंक तयार करतात. असा दाट डिंक मिळाला, तर भाजलेल्या जखमेवर लावायला गारवा देणारं मलम करता येईल, या ध्यासाने त्यांना पछाडलं होतं.

कुठकुठला चिखल आणून त्या पाण्यात कालवत आणि काचेच्या बशीत थिजवलेल्या गोड खाद्यावर पसरत. बशी उबेच्या पेटीत दोन दिवस राहिली की जंतूंचे ठिपके उगवत. मग माझी पाळी. आधी मला ज्योतीत लालबुंद तापवायचं, म्हणजे अंगावरचे परके जंतू मरतात. मग ठिपक्यातले जंतूही जळू नयेत म्हणून मी गार होईपर्यंत बाई पुटपुटत दहापर्यंत मोजत. नंतर मला ठिपक्याला टेकवून हळूच वर उचलत. पाकाची तार बघतात ना, अगदी तसंच. बहुतेक ठिपक्यांना तार येतच नसे. "कच्चा पाक. पुढचा!" बाई म्हणत.

बशा उकळणारे आणि पेटीची ऊब सांभाळणारे काका रोज दारातून विचारत, "बाई, आली का तार?"

"नाही हो काका. नुसती बुळबुळ."

अशी तीन वर्षं गेली. महिनाअखेर काम बंद करा, असं वरून पत्र आलं. आणि त्याच आठवड्यात तळ्याकाठच्या चिखलातल्या एका ठिपक्याने माझ्या टोकाशी चांगली बोटभर तार धरली. काका तर लहान मुलासारखे टाळ्या वाजवायला लागले. माझाही ऊर भरून आला.

ठिपका एकच होता आणि त्या बशीत बुरशी शिरली होती. त्याला लगेच नव्या बशीत हलवायला हवं होतं. बाईंनी मला तापवलं आणि तेवढ्यात फोन वाजला. शेजारीण बोलत होती. "तुमच्या आई जिन्यावरून पडल्यात. असाल तशा या." फोन खांद्याशी धरून बाईंनी मोजलं, एक, दोन, तीन, चार. आणि मला ठिपक्यात टेकवलं.

चर्र झालं. मी ऐकलं. बाईंच्या कानाला फोन होता.

तेच जळकं टोक त्यांनी नव्या बशीवर फिरवलं. "काका, ही पेटीत ठेवा. जुनी आजच उकळून टाका, नाहीतर बुरशी सगळीकडे पसरेल," असं म्हणून त्या धावल्या. काकांनी सांगितल्या शब्दाप्रमाणे केलं.

तिसऱ्या दिवशी बाई परतल्या. नवी बशी धुतल्यासारखी कोरी होती.

"काका, पेटी बंद पडली होती का? खरं सांगा."

"नाही बाई. रोज दोनदा बघितली मी."

"मग उगवलं का नाही? तुमच्याशिवाय कुणाचा हात लागलाय तिला?"

अहवालात 'ऊब राखण्यात हयगय' असं लिहिलं गेलं आणि त्यांची रवानगी गोदामात झाली. बाईंनी त्याच तळ्याचा चिखल चारदा आणला, पण तो जंतू पुन्हा भेटला नाही. काम बंद पडलं.

जाताना काकांनी मला पुसून खणात ठेवलं. दाराशी थांबून त्यांनी विचारलं, "आई बऱ्या आहेत ना?" बाईंनी वर न बघताच मान हलवली.

आता प्लॅस्टिकच्या तारा आल्या आहेत, एकदा वापरायच्या आणि फेकायच्या. त्यांना तापवावं लागत नाही. मी खणात पडून असते आणि ते चर्र मला पुन्हा पुन्हा ऐकू येतं. मला तोंड असतं तर मी तेव्हाच ओरडले असते.

मित्रांनो, हातातली वस्तू तापलेली असेल तर पुरतं दहापर्यंत मोजा. डोकं तापलेलं असेल, तर कुणाचं नाव घेण्याआधी आणखी दहा मोजा. आणि गोदामात कधी ते काका भेटले, तर त्यांना माझा एवढा निरोप सांगा. पेटी चालूच होती.