उभी भेग

भेग नखाला लागत होती. केसाएवढी, मुठीच्या वरून निघून धनुष्याच्या वरच्या पात्यात वीतभर चढलेली. तिच्यात भरलेला सरस वाळून मधासारखा पिवळा झाला होता, त्यावर नेझिहेनं रेशमी दोरा वेढ्याला वेढा भिडवून गुंडाळला होता, आणि त्या दोऱ्याखालून भेगेचं टोक तेवढं बाहेर राहिलं होतं... आज दोरी चढवायची. कालही ती हेच म्हणाली होती.

तिनं धनुष्य पुन्हा खुंटीला अडकवलं आणि मशीनवर बसली. गल्लीतल्या एका नवरीच्या झग्याची कड घालायची होती. सुई धावू लागली, पण कान मात्र मागच्या वर्षीच्या वसंताच्या जत्रेतल्या तिरंदाजीत – कास्तामोनूच्या वेशीबाहेरचं ते मैदान, अर्ध्यावर ओढलेली दोरी, आणि तो आवाज. काड्‌. मग सगळं मैदान चिडीचूप, आणि त्या शांततेत कुणाचंतरी हसू. बाई, तू आपली सुईच ओढ, असं कुणीसं म्हणालं होतं. भुवईत घुसलेली ढलपी तिला नंतर दुखली, हसू आधी. तेव्हापासून ती रुमाल कपाळावर जरा खालीच बांधत असे – त्या व्रणासाठी, असं ती स्वतःला सांगे.

त्या मोडलेल्या धनुष्याची भेग आडवी होती, पाठीवरून लाकडाच्या शिरा कापत गेलेली. तेव्हा कळलं नव्हतं. हे लाकूड अंगणातल्या तुतीचं. वाळताना चिरलं, पण शिरेच्या अंगानं, उभं. कापड उभ्या धाग्यात फाटलं तर सांधता येतं... येतं ना? झग्याची कड वाकडी गेली. तिनं ती उसवली.

दुपारी धाकटा भाऊ जेव्हदेत आला. काखेत त्याचं विकतचं काळं, चकचकीत धनुष्य. चहाचा ग्लास हातात घेऊन तो बराच वेळ खुंटीकडेच पाहत राहिला.

“ताई, फाटलेलं लाकूड चुलीचं. जत्रेत हे माझं घेऊन जा.”

“आडवी असती तर मीच चुलीत घातलं असतं. ही उभी आहे.”

“उभी नि आडवी! पुन्हा तुझं रक्त पुसायला लावू नकोस मला.”

तिला आठवलं, त्या दिवशी सगळे हसत होते तेव्हा यानं अंगातला सदरा काढून तिच्या कपाळावर दाबला होता. ती उठली. धनुष्य काढून अंगणात गेली. तो ग्लास घेऊनच मागोमाग आला.

दोरी चढली. पात्यानं बाक घेतला. समोर गवताची गंजी, दोरीवर बाण. तिनं थोडं ओढलं, सोडलं नाही, हळूच परत आणलं. पुन्हा, आणखी थोडं. दोऱ्याखाली बारीक करकर झाली आणि तिची मान आपोआप मागे गेली – आलाच तो आवाज, आता येईल, आता... डोळे मिटले गेले. आणि त्या मिटल्या अंधारात कुठूनसं आलं : तुटू दे. तुटलं तर तुटलं, मी तिसरं करीन. तुतीचं खोड अजून अर्धं पडून आहे.

मी करीन. किती साधं होतं हे.

तिनं डोळे उघडले आणि ओढलं – छातीपर्यंत, हनुवटीपर्यंत, कानापर्यंत, जिथवर ती कधीच पोचली नव्हती. लाकूड वाकलं, गुपचूप, पुरतं. ते ओझं खांद्यात भरून आलं, आणि क्षणभर तिला ते सोडावंसंच वाटेना.

बाण गंजीच्या डोक्यावरून गेला, भिंतीपलीकडे कुठेतरी शेजाऱ्यांच्या कोबीत.

जेव्हदेत हसत सुटला. तीही हसली, त्याच्याहून मोठ्यानं. हसता हसता रुमाल मागे सरकला होता. तो नीट करायचं तिच्या ध्यानातही आलं नाही.

“मग, जत्रेत हेच नेणार?” त्यानं विचारलं.

ती ऐकत नव्हती. पातं अजून हातात थरथरत होतं, का हातच – आणि ती थरथर एवढ्यात विझू नये म्हणून ती मूठ सैल न करता तशीच उभी होती, उन्हात, पाय रोवून.