अंड्यातले केस

अंडीबाबाला या घरातून काय मिळणार होतं, ते आधी पाहू. दक्षिणा किरकोळ, खरी कमाई जिन्यापर्यंत दाटलेली गर्दी. शिंपीणबाईंच्या चौदा वर्षांच्या मुलीच्या टाळूवर टक्कल पडत चाललं होतं. बाबाच्या मते केस चेटकीण उपटत होती. मुलगी बरी झाली की अख्खी गल्ली गिऱ्हाईक.

बाबाने पिशवीतून आणलेलं अंडं मुलीवरून उतरवलं आणि बशीत फोडलं. आतून काळ्या केसांचा गुंता निघाला. जिन्यावर कुजबुज झाली.

"पाहा ताई, चेटकिणीने चोरलेला माल. आता तिची वाट जाळायची. टाळूला हा लेप लावतो, थोडा भाजेल. आणि हिचं त्या शाळेतल्या समुपदेशक बाईंकडे जाणं बंद. गप्पा मारून कधी भूत उतरलंय?"

"तेच मी म्हणते," मुलीच्या आत्याने री ओढली. "तासभर नुसतं बोलायचं, औषधाचा थेंब नाही."

लेपाचं पहिलं बोट टाळूला लागलं. मुलगी कळवळली, दुसरं बोट येण्याआधी तिने बशी ओढली आणि एकेक केस चिमटीत धरून उजेडात पाहू लागली.

"हे माझे नाहीत."

"चेटकीण बोलतेय."

"मीच बोलतेय. केसही मीच उपटते. अभ्यासाला बसलं की हात आपोआप वर जातो. उपटलेल्या केसाचं मूळ पाहिल्याशिवाय मला तो टाकवत नाही. टोकाला पांढरा ठिपका असतो. यातल्या एकालाही नाही."

शिंपीणबाईंनी एक केस हातात घेतला. "दोन्ही टोकं कात्रीची," त्या म्हणाल्या आणि टरफल चाचपलं. तळाला भोक होतं, मेणाने बुजवलेलं, वरून चुना.

"श्रद्धा कमी पडली," म्हणत बाबाने पिशवी उचलली.

समुपदेशक बाईंनी कुठलंही भूत काढलं नाही, नव्हतंच ते. हात वर निघाला की ओळखायचं, मूठ आवळून ती ओढ ओसरू द्यायची. आईने टोकणं बंद करायचं. मुलगी चुकायची, पुन्हा बसून बोलायची. हळूहळू टाळूवर लव आली.

तुमच्याकडे असा कोणी आलाच, तर अंडं आपल्या घरातलं द्या. एवढी अक्कल पुरते.

बाबा पलीकडच्या गल्लीत बसतो. त्याचं काही गेलं नाही. आत्याला म्हणे पहिल्यापासूनच संशय होता, तिचंही नाही. गर्दी फुकटात तमाशा पाहून जेवायला गेली. लेप लागला तिथे मात्र बोटाच्या पेराएवढी जागा अजून गुळगुळीत आहे. तिथे केस येणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. सगळ्यांच्या वाटचं त्या पोरीने भरलं.