फेकायचा राहिलेला चेंडू

मी खिशातला चेंडू. दिवाणखान्यात काचेच्या पेटीत बसायचा तो नव्हे. तो वेगळा, तो मानाचा. त्याला बघायला लोक घरी येत. मला बघायला कधी कुणी आलं नाही, आणि चाळीस वर्षं मी ही गोष्ट एक दिवसही विसरलो नाही.

खरं तर आम्ही दोघं जातीने एकच, बेसबॉलचे चेंडू. पोटात बुचाच्या लाकडाची गोळी, तिच्यावर रबर, त्यावर लोकरीचा धागा गच्च गुंडाळलेला आणि वरून पांढरं कातडं. ते कातडं लाल दोऱ्याने हाताने शिवतात. एकशे आठ टाके, जपमाळेला मणी असतात तेवढेच. माझे टाके कुणी घातले ते मला ठाऊक नाही, पण त्या बाईचा हात सरळ होता. आजवर एकही टाका उसवलेला नाही.

मी शिकागोला आलो तो बारा जणांच्या खोक्यात. सामन्याच्या सकाळी एका म्हाताऱ्या कामगाराने आम्हाला एकेक करून हातात घेतलं आणि थुंकीत कालवलेला नदीकाठचा चिखल अंगाला चोळला. नवा चेंडू गुळगुळीत असतो, बोटांतून निसटतो, म्हणून ही हळद लावायचीच असते. त्या दिवशी आम्ही बाराही जण नवरदेव होतो. प्रत्येकाला वाटत होतं, आज आपल्या नावाने काहीतरी घडणार.

घडलं, पण माझ्या शेजाऱ्याच्या नावाने. शेवटच्या डावात त्याच्यावरच विजयाचा होमरन, म्हणजे क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका, बसला आणि तो भिंतीपलीकडे गेला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याचा फोटो होता.

मी मात्र चौथ्या डावातच बाद झालो. बॅटची नुसती कड लागली आणि मी तिरका उडून लोकांत जाऊन पडलो. याला फाउल म्हणतात. धाव नाही, गडी नाही, कुठे नोंदसुद्धा नाही. एका हडकुळ्या तरुणाने मला उघड्या हाताने झेललं आणि त्या गडबडीत दुसऱ्या हातातलं मोहरीच्या चटणीने माखलेलं सॉसेज शेजारच्या मुलीच्या पिवळ्या फ्रॉकवर पडलं. ती मुलगी त्याला जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो तरुण म्हणजे चेस्टर कुबियाक. दीड वर्षाने त्या मुलीनेच त्याच्याशी लग्न केलं. तिचं नाव लिओना.

काचेच्या पेटीतला चेंडू त्या घरात माझ्या आधीपासून होता. आमच्या मैदानावरच्या एका मोठ्या खेळाडूने आपला चारशेवा होमरन मारला, तो चेस्टरच्या वडिलांनी झेलला होता. त्यावर त्या खेळाडूची निळ्या शाईतली सही होती. दर रविवारी चर्चहून आल्यावर लिओना पेटी उघडायची आणि जुन्या मऊ बनियनने त्याला पुसायची. पाहुणे आले की चेस्टर म्हणायचा, "हाच तो." या दोन शब्दांचा मला जेवढा राग येई तेवढा बॅटचाही कधी आला नाही.

माझी जागा चेस्टरच्या निळ्या जाकिटाच्या उजव्या खिशात. तिथे किल्ल्या, चुरगळलेला रुमाल आणि शेंगदाण्यांची टरफलं माझे सोबती. मला तिथे ठेवण्यामागे कारण होतं. आमच्या मैदानाची एक रीत आहे. पाहुण्या संघाने मारलेला होमरन आमच्या लोकांत पडला, तर तो जवळ ठेवायचा नाही, सगळ्यांदेखत मैदानात परत फेकायचा. "तुमचा होमरन तुम्हालाच लखलाभ," असा त्याचा अर्थ. पण होमरनचा चेंडू सोडवतो कुणाला? म्हणून मुरलेले प्रेक्षक खिशात एक जुना चेंडू बाळगतात. लोक ओरडायला लागले की जुना फेकायचा आणि खरा गुपचूप लपवायचा. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि सगळे ठाऊक नसल्याचं दाखवतात.

म्हणजे मी फेकायचा चेंडू. चेस्टरच सगळ्यांना तसं सांगायचा. एकदा लिओनाने विचारलं, फ्रॉक खराब झाला त्या दिवसाचा चेंडू कुठे आहे? तो म्हणाला, घर बदलताना हरवला असेल. मी तेव्हा खिशातच होतो. मी त्याच्या आठवणीतसुद्धा नव्हतो तर. एकदा पेनाने माझ्या अंगावर त्याने काहीतरी खरडलं होतं खरं, पण आपल्याच पाठीवरचं आपल्याला कसं दिसणार? छत्रीवर नाव घालतात तसं घातलं असेल, असं मी धरून चाललो.

एक मात्र कबूल करायला हवं. सामना अटीतटीला आला की चेस्टरचा हात खिशात यायचा आणि अंगठा माझ्या टाक्यांवरून पुढेमागे फिरायचा. वर्षानुवर्षं. माझ्या एका बाजूचं कातडं त्याने गुळगुळीत झालं. मला ते सुख वाटायचं, पण मी स्वतःला बजावायचो, भुलू नकोस. ज्याला पेटीत ठेवतात त्याची किंमत, खिशातल्याची नाही.

आणि मग ती दुपार आली. पाहुण्यांचा एक होमरन थेट चेस्टरच्या ओंजळीत पडला. लोक ओरडायला लागले, "परत टाक, परत टाक." त्याचा हात खिशात आला, बोटांनी मला धरलं. निदान एकदा तरी मी सरळ उडणार होतो, त्या हिरव्या गवतावर पडणार होतो. पण बोटं सुटली. त्याने हातातला खराच चेंडू भिरकावून दिला.

शेजारी त्याचा जुना दोस्त बसला होता, ओटिस ग्रेडी. बसचा ड्रायव्हर, आवाज भोंग्यासारखा. तो म्हणाला, "येड्या, खिशातला टाकायचा होता."

"हातात होता तो टाकला," चेस्टर म्हणाला.

पुढे कितीतरी वर्षं ओटिसने ही गोष्ट प्रत्येक सामन्याला सांगितली. लोक हसायचे, चेस्टरही हसायचा. मी हसलो नाही. पेटीत बसायची माझी लायकी नाही, हे मी मान्य केलं होतं. पण फेकून द्यायचीही नाही? तो परका होमरन मैदानात पडला, टाळ्या त्याला मिळाल्या. मला मिळाली टरफलं.

चेस्टर गेला त्या वर्षी हिवाळा लांबला होता. एप्रिलमध्ये मैदान उघडलं, तेव्हा लिओनाने त्याचं जाकीट चढवलं, बाह्या दोनदा दुमडल्या आणि त्याच्या जागेवर जाऊन बसली. ती सहसा खिशात हात घालत नसे. तिथे अजून त्याचा रुमाल होता.

त्या ऑगस्टमध्ये पाहुण्या संघाचा एक खेळाडू पाचशे नव्व्याण्णव होमरनवर येऊन थांबला होता. सहाशे म्हणजे काय, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही; आजवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांनीच तो आकडा गाठला आहे. तो बॅट घेऊन आला की पंच वेगळे चेंडू काढायचे. त्यांच्यावर डोळ्यांना न दिसणारी खूण असते, म्हणजे पुढे कुणी खोटा चेंडू आणून मिरवू नये. त्या खुणेच्या चेंडूंकडे बघून माझा नुसता जळफळाट होत होता. जन्मायच्या आधीच ज्यांचं नाव इतिहासात, त्यांना काय कमी?

सहाव्या डावात त्याने तो मारला. चेंडू उंच गेला, शहराकाठच्या मोठ्या तळ्यावरून येणाऱ्या वाऱ्याने त्याला थोडं मागे ढकललं आणि तो बाकावर आपटून लिओनाच्या मांडीवर आला. बरोबर जिथे एके काळी सॉसेज पडलं होतं तिथेच.

मग आरोळी सुरू झाली. "परत टाक, परत टाक."

ओटिस तिच्या कानाशी वाकला. "लिओना, खिशातला. देवाच्यान, या वेळी तरी खिशातला टाक."

तिने मला बाहेर काढलं. एका हातात सहाशेवा, दुसऱ्या हातात मी. तो कोरा, झगझगीत, बॅटचा ताजा वळ मिरवणारा. मी मळकट, एका बाजूने झिजलेला. आयुष्यात प्रथमच मला कुणी एखाद्या मानाच्या चेंडूशेजारी धरलं होतं, आणि तेही फेकण्यासाठी. चला, मी मनात म्हटलं, याला वाचवून तरी मरू.

तिने हात मागे नेला. तेवढ्यात तिचं बोट त्या झिजलेल्या जागेवर टेकलं आणि ती थांबली. हात खाली आणून तिने डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मला फिरवून फिरवून पाहिलं. मग ती हळू आवाजात वाचू लागली.

"चौदा जून. चौथा डाव. पिवळा फ्रॉक."

माझ्या पाठीवर हे लिहिलेलं होतं. इतकी वर्षं.

भोवती हजारो माणसं ओरडत होती. लिओनाने मला अलगद खिशात ठेवलं, उभी राहिली आणि सहाशेवा चेंडू सगळा जोर लावून फेकला. पासष्टी ओलांडलेली बाई, पण लहानपणी गल्लीत मुलांबरोबर खेळलेली. तो भिंतीवरून पार मैदानातल्या गवतावर जाऊन पडला. मंडळी खुशीत हसली. म्हातारीने जुना टाकला, असंच प्रत्येकाला वाटलं. मग एका माणसाने तो उचलून जांभळ्या दिव्याखाली धरला, पंचांकडे पाहिलं आणि मान डोलावली. खूण होती. खराच होता.

ओटिस मटकन बसला. "आधी नवरा, आता तू. या घरात हात कुठला आणि खिसा कुठला, कुणाला कळतच नाही का गं?"

लिओनाने मला काढून त्याच्यापुढे धरलं. त्याने वाचलं, परत वाचलं.

"आणि मी या माणसाला वीस वर्षं येडा म्हणत होतो."

"होताच तो," लिओना म्हणाली. "हरवला म्हणाला मला. लाजला असेल मेला." आणि तिने बाहीने डोळे पुसले.

गोष्ट इथे संपली असती तर मी सुखी झालो असतो. पण त्या रविवारी लिओनाने काचेची पेटी उघडली, चारशेव्या चेंडूला बाहेर काढलं आणि त्याच्या जागी मला ठेवलं. मग त्याला म्हणाली, "तू खूप बसलास. आता जरा मैदान बघ." आणि त्याला जाकिटाच्या खिशात टाकलं. ओटिस म्हणाला, अगं, त्याच्यावर सही आहे. ती म्हणाली, सही माझ्या ओळखीच्या माणसाची नाही.

आता दर रविवारी मला पुसलं जातं, त्याच मऊ बनियनने. पाहुणे येतात. ती माझ्याकडे बोट करून पिवळ्या फ्रॉकची गोष्ट सांगते आणि शेवटी म्हणते, "हाच तो." जे मागितलं ते सगळं मला मिळालं.

आणि सामन्याच्या दिवशी ती निळं जाकीट चढवते, दार ओढून घेते, आणि मी काचेतून बघत बसतो. संध्याकाळी परत येते तेव्हा खिशातल्या चारशेव्याच्या अंगाला शेंगदाण्यांचा वास असतो. परवा तिने त्याला खिशातून काढून टेबलावर ठेवलं. त्याची निळी सही एका बाजूने पुसट झाली आहे. अंगठा फिरून फिरून. आता तिचाही हात खिशात जातो तर.

लिओना, तुला ऐकू जात नाही, तरी सांगतो. ही पेटी त्याची होती, त्यालाच दे. इथे फार स्वच्छ आहे. मला त्या किल्ल्यांत आणि रुमालात परत नेऊन ठेव. सामना अडला की अंगठा फिरव, झिजलेली जागा तुला न बघता सापडेल. आणि एखादा होमरन पुन्हा तुझ्या मांडीवर येऊन पडलाच, तर त्याला टाक परत. सहाशेवा असो नाहीतर हजारावा. मला नुसतं धरून ठेव.