एका टिंबाची लढाई

या मित्रांनो, अगदी जवळ सरकून बसा. माझा आवाज बारीक आहे, पण सांगायची आहे ती एका मोठ्या मनाच्या बाईची कथा.

मी एक जुनी लाल पेन्सिल आहे. आता उरले आहे ती जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढी. कारखान्यात लाकडाच्या पोटात लाल शिसे भरून मला घडवले आणि देवाच्या कृपेने मी मावशींच्या हाती पडले. त्या मुद्रितशोधक होत्या. पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका शोधायच्या, हे त्यांचे काम. छापखान्यातले लोक म्हणत, "मावशींसमोरून मुंगी गेली तरी तिचे पाय मोजले जातात." काम करताना त्या हळूच देवाचे नाव गुणगुणत आणि मी त्या तालावर चालत असे.

मावशींची भाची रहस्यकथा लिहायची. चार प्रकाशकांनी तिची कादंबरी परत पाठवली होती. पाचव्याने करारपत्र दिले, तेव्हा तिला आकाश ठेंगणे झाले. ती सही करायला बसलीसुद्धा.

"थांब गं बाई! कथेत एवढे खुनी पकडतेस, आणि स्वतःचा करार न वाचता सही?" असे म्हणत मावशींनी मला कानावरून काढले.

तिसऱ्या कलमाशी आम्ही थबकलो. तिथे 'लेखिकेच्या पुस्तकाचे हक्क' असे हवे होते. छापले होते 'पुस्तकांचे'. एवढेसे टिंब, पण त्याने भाची जन्मभर जे जे लिहील ते सगळे प्रकाशकांचे झाले असते. मी त्या टिंबाभोवती लालभडक गोल काढला.

दुसऱ्या दिवशी दोघी प्रकाशकांकडे गेल्या. मी मावशींच्या मुठीत होते.

प्रकाशक हसले. "अहो मावशी, टायपिंगची चूक ती! टिंबाचं काय एवढं मनावर घेता?"

"चूकच ना? मग खोडून टाकू."

त्यांचे हसू मावळले. "टिंब गेलं तर मानधन दहा टक्क्यांवरून सातवर येईल. नाहीतर सहावा प्रकाशक शोधा."

भाचीचा चेहरा उतरला. तिने मावशींकडे पाहिले. मावशी शांतपणे म्हणाल्या, "पुस्तक तुझं आहे, बाळा. तूच बोल."

भाचीने करारपत्र स्वतःकडे ओढले. "सात चालतील. पण पहिल्या हजार प्रतींपुरतेच, पुढे दहा. आणि टिंब आत्ताच जाईल."

"हजार खपल्याच नाहीत तर?"

"तर या पुस्तकाचं नशीब. पुढचं तरी माझं राहील."

प्रकाशकांनी पेनाचे टोपण काढले. मग म्हणाले, "मावशींची भाची शोभता खऱ्या!" माझ्या लाल गोलात शाईची रेघ ओढली गेली, नवी अट लिहिली गेली आणि शेजारी दोघांच्या सह्या झाल्या.

त्या हजार प्रती खपायला दोन वर्षे लागली. पुढची दहा पुस्तके मात्र भाचीने मनासारखी लिहिली आणि मनाला येईल त्या प्रकाशकाला दिली.

आता मावशी नाहीत. चुका आता संगणकाच्या पडद्यावर सुधारतात. मी बटणांच्या डब्यात पडून असते. तक्रार नाही हो, झिजले ती चांगल्या हातात.

मित्रांनो, सही करण्यापूर्वी अक्षर न् अक्षर वाचा. आणि एखादे पुस्तक कुठेही न अडखळता वाचून झाले, की क्षणभर थांबा. त्यावर मुद्रितशोधकाचे नाव सापडणार नाही. तेव्हा माझ्या मावशींची आठवण काढा.