नावेच्या बुडाशी

पहिली मोठी लढाई संपल्यावर चार-पाच महिन्यांनी ख्वाजा शिकलगार कोल्हापुरात परतला, तेव्हा त्याच्या बायकोला, जरीनाला, आनंदाआधी शंकाच आली. नवरा आगबोटीवर भट्टीत कोळसा टाकायच्या कामाला गेलेला. शेवटचं वर्षभर निरोप नाही. आणि आता विचारलं की एकच उत्तर.

"अडकलो होतो इटलीत."

"कुणापाशी?"

यावर तो टोपी उचलून नमाजाला निघायचा. तो गेला की जरीना त्याची पेटी उपसायची, कुणा बाईची खूण मिळते का बघायची.

गल्लीला दुसराच संशय. लढाई तुर्काशीही झाली होती, हा मुसलमान. बोटीवरून पळून तिकडं सामील झाला असणार. हे पहिल्यांदा बोलला पंचगंगेवरचा नावाडी पिराजी. दोघं लहानपणी याच नदीत पोहायला शिकलेले. पण पिराजीचा धाकटा भाऊ पलटणीबरोबर तुर्काशी लढायला बसऱ्याच्या बोटीत बसला, त्यानंतर त्याचं काहीच कळलं नव्हतं. ख्वाजा धडधाकट घरी आलेला त्याला बघवत नव्हता.

बोलणं फौजदारापर्यंत गेलं. चावडीवर बोलावणं आलं. जरीनाही मागोमाग गेली आणि दाराशी उभी राहिली. पिराजी आधीच आत बसला होता.

"वर्षभर कुठं होतास?" फौजदारानं विचारलं.

"तुरुंगात, साहेब. व्हेनिस म्हणून बंदर हाय, तिथं. सोडताना दम दिला होता, कुठं बोलायचं न्हाई म्हणून."

"इथं बोल."

ख्वाजानं सांगितलं. बोट बंदरात उभी होती. दिवस मावळताना त्याला पाण्यात दोन डोकी दिसली. माणसं बुडतायत असं वाटून त्यानं उडी टाकली, एकाची मान धरली. त्या माणसानं वळून त्याच्या तोंडावर ठोसा हाणला. तेव्हा पायाला लोखंड लागलं. दोघांच्या मधे पाण्याखाली नावेएवढं लांब यंत्र होतं, आपोआप चालणारं. त्याला धरून ही माणसं शत्रूच्या बोटीखाली सुरुंग लावायची तालीम करत होती. ख्वाजाला हेर समजून कोंडलं.

"लढाई संपता संपता त्यांनी खरंच एक मोठी लढाऊ बोट बुडवली म्हणं. पहारेकरी सांगत होता."

फौजदार हसला. "पिराजी, पाण्यातला माणूस तू. असं होतंय?"

"लोखंड तरंगतंय व्हय? आणि बोटीवरची माणसं काय झोपली हुती?"

"जागी असली तरी दिसत न्हाई," ख्वाजा म्हणाला. "दावतो. तुमी नावेत बसा. मी जवळ येताना दिसलो तर खोटा."

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर माणसं जमली. पिराजीनं नाव मधल्या डोहात नेली, फौजदार आत बसला. ख्वाजा वरच्या वळणापलीकडं गेलेला. त्यानं एका ओंडक्याला दगड बांधून तो पाण्याच्या जरा खाली राहील असा केला, डोक्यावर लव्हाळ्याची जुडी बांधली आणि ओंडक्याला धरून प्रवाहात शिरला.

नावेतून दोघं डोळे फाडून बघत होते. काठच्या पाण्यात म्हैस हलली तरी पिराजी वल्हं रोखायचा. लव्हाळा, काटक्या, पाचोळा वाहत होता. घाटावर कुणीतरी ओरडलं, "पळाला न्हवं त्यो?"

तेवढ्यात नावेच्या बुडाला खालून तीन ठोके पडले.

फौजदारानं नावेची कड घट्ट धरली. पिराजीचा चेहरा उतरला.

खाली ख्वाजाचा तळहात फळीला टेकलेला होता. वर पिराजीचा पाय सरकल्याचं त्याला जाणवलं. हातात भोक पाडायचं गिरमीट असतं तर? किती सोपं होतं सगळं. त्याचं त्यालाच भय वाटलं. दम संपला तसा तो पलीकडून वर आला.

काठाला आल्यावर फौजदारानं ख्वाजाला जवळ बोलावलं. मग म्हणाला, "खरं बोललास. खोटा निघाला असतास तर शिव्या देऊन सोडला असता. आता दर शुक्रवारी चावडीवर हजेरी लावायची. नदीत उतरायचं न्हाई."

"खरं बोललो म्हणून?"

"हे तुला जमतंय म्हणून."

माणसं पांगली. ख्वाजापासून जरा अंतर ठेवूनच गेली. पिराजी तेवढा थांबला.

"माझ्या भावाची बोट अशीच बुडवली असंल का रं?"

"न्हाई, पिराजी. तसलं यंत्र इटलीवाल्यांपाशीच हुतं. ते आपल्या बाजूचे."

"आपल्या बाजूचे? मग तुला कशापायी कोंडलं?"

ख्वाजा ओल्या कपड्यांचा पीळ काढत राहिला. पिराजीनं त्याच्याकडं रोखून बघितलं. मग खांद्यावरचा पंचा काढून त्याच्या अंगावर टाकला आणि नावेकडं गेला.

घरी आल्यावर जरीना म्हणाली, "हसत हुते तर हसू द्यायचं. दावायला कशाला गेलात?"

"तुला तरी पटावं म्हणून."

शुक्रवारी तो चावडीला निघाला, तेव्हा तिनं घराला कडी घातली आणि त्याच्याबरोबर चालू लागली.