पान अठ्ठ्याऐंशीची फितुरी

इतिहासाच्या सरांनी यादवी युद्ध खडूच्या डब्यातून काढलं.

डबा पत्र्याचा होता, त्यात चौतीस चिठ्ठ्या होत्या आणि वर्गात मुलंही चौतीसच होती. प्रकरण चाळीस पानांचं, हातात तीन आठवडे. सर म्हणाले, मी वाचून दाखवलं की तुम्ही झोपता, तुम्हाला बघून मलाही झोप येते, आणि मला तर त्याचा पगार मिळतो. तेव्हा यंदा आपण युद्ध करूनच बघू. देश फुटला होता तो नदीवरून. नदीच्या वरचे आणि नदीच्या खालचे. पुस्तकात दोन्ही पक्षांना लांबलचक नावं होती, पण ती परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत कोणी पाठ करत नाही, म्हणून वर्गात ते नुसतेच वरचे आणि खालचे झाले.

"नियम एकच," सर म्हणाले. "युद्ध पुस्तकाप्रमाणे होईल. जो हरला तो हरेल, जो मेला तो मरेल. कोणी स्वतःची अक्कल चालवायची नाही. वीस गुण आहेत. पुस्तक सोडलं की शून्य."

"सर, शेवट माहितीच आहे तर खेळायचं कशाला?" मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं.

"तुझाही शेवट मला माहीत आहे. तरी मी तुला शिकवतोय ना?"

पंधरा वरचे झाले, पंधरा खालचे झाले आणि पुस्तकातली माणसं संपली. उरलेल्या चौघांना सरांनी उरलेला इतिहास वाटला. एका गुटगुटीत मुलाला 'दुष्काळ' आला. तो तीन आठवडे दोन्ही पक्षांचे डबे खात फिरला आणि कोणाला तक्रार करता येईना, कारण पान एकाहत्तरवर तसंच होतं. एका मुलीला 'नदी' आली. ती बाकांच्या मधल्या वाटेत पाय पसरून बसायची आणि ओलांडायचं असेल तर "पूल कुठाय?" असं विचारायची. एकाला 'टपालखातं' आलं. आणि एकाला 'शेजारी राष्ट्र, तटस्थ' आलं, त्याने या काळात गणिताचा सगळा गृहपाठ पूर्ण केला.

टाचणीला खालच्यांचा सेनापती आला. टाचणी म्हणजे शिवणकाम करणाऱ्या बाईंची मुलगी. अंगाने बारीक, बोलायला टोचरी, त्यामुळे नाव ठेवायला कोणाला फार डोकं चालवावं लागलं नव्हतं. तिने चिठ्ठी उघडली, बाकावर उभी राहिली आणि आपलं सैन्य पाहिलं. सैन्य पेन्सिलीला टोक करत होतं.

मग शिडीने डब्यात हात घातला.

शिडी ही टाचणीची मैत्रीण. वर्गात सगळ्यांत उंच. पाचवीपासून दोघी एका बाकावर, एका छत्रीत आणि बहुतेक वेळा एकाच शिक्षेत. मराठीच्या बाई दोघींना 'जोडाक्षर' म्हणायच्या. बाईंनी एकदा समजावलं होतं की जोडाक्षरात एक अक्षर पूर्ण असतं आणि एकाचा पाय मोडलेला असतो. आपल्यात पाय मोडलेलं कोण, यावर दोघी आठवडाभर भांडल्या होत्या. दोघींनाही तेच व्हायचं होतं, कारण मोडक्या पायाच्या अक्षराला सोडून दुसरं कुठे जाऊ शकत नाही.

शिडीने चिठ्ठी वाचली आणि तिचा चेहरा खडूसारखा झाला.

"काय आलं?"

"उपसेनापती."

"कुणाचा?"

"तुझाच."

टाचणीने आनंदाने बाकावर उडी मारली, मग पुस्तक काढलं आणि पान अठ्ठ्याऐंशी उघडलं. युद्धाच्या शेवटी खालचे धान्याच्या कोठारात कोंडले जातात. सात महिने लढतात. आणि मग एक ओळ येते: 'अखेर उपसेनापतीच्या फितुरीमुळे कोठाराचे दार उघडले गेले व युद्ध समाप्त झाले.'

"म्हणजे तू मला दगा देणार," टाचणी म्हणाली. "गुरुवारी. तीन आठवड्यांनी. चौथ्या तासाला." तिला फारच मजा वाटली. केसाने गळा कापणारं माणूस सहसा वेळापत्रक देत नाही.

"कारण काय दिलंय?" शिडीने विचारलं.

"दिलेलंच नाही."

"असं कसं? कोणीतरी उगाच दार उघडेल का? काहीतरी असणारच ना तिला."

"दाढ दुखत असेल."

"मस्करी नको गं. समजा तिला दुसरीकडे जावंसंच वाटलं. म्हणजे, ती वाईट नाही, पण कोठारात किती दिवस राहणार?"

"मैत्रीण आहे ना कोठारात," टाचणी म्हणाली. "मग कोठार काय वाईट आहे?"

शिडीने चिठ्ठीची घडी घातली. मग घडीची घडी घातली. शेवटी ती चिठ्ठी भाताच्या शिताएवढी झाली.

आता इथे मागच्या उन्हाळ्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. लांबच्या शहरात एक नामांकित निवासी शाळा होती, तिचे प्रवेशाचे फॉर्म दोघींनी आणले होते. गणितात ऐंशीच्या वर हवे होते. टाचणीला एकसष्ट होते आणि त्यातले सहा गणिताच्या बाईंना तिची दया आली म्हणून होते. तेव्हा शिडी म्हणाली होती, "तू नाहीस तर मी तिथे काय भिंतींशी बोलू?" आणि जिन्यात बसून दोघींनी आपापला फॉर्म फाडला होता. आधी उभा, मग आडवा, मग तिरका. टाचणीला त्यानंतर कोणाच्या शपथेची गरज वाटली नव्हती.

युद्ध सुरू झालं. पहिल्या आठवड्यात खालच्यांनी दोन लढाया जिंकल्या, कारण पुस्तकात जिंकल्या होत्या. शिडी मात्र बदलत चालली. मधल्या सुट्टीत ती कार्यालयाच्या खिडकीशी उभी दिसायची, कारकुनाशी हळू आवाजात बोलायची, आणि टाचणी आली की बोलणं तोडायची. एकदा तिने आपली रंगपेटी टाचणीला देऊन टाकली. "ठेव तुझ्याकडेच," म्हणाली आणि डोळे पुसले.

टाचणी थक्क झाली. "काय भूमिकेत शिरलीये!" तिने नदीला सांगितलं. "फितूर माणूस असाच वागतो. अगदी असाच."

घरी तिने आईलाही सांगितलं. आईचं मशीन खिडकीपाशी होतं, भोवती कापडाच्या चिंध्या, आणि आईच्या ओठांत नेहमी चार-पाच टाचण्या धरलेल्या.

"परवा तिची आई येऊन गेली," आई टाचण्यांच्या फटीतून म्हणाली. "गणवेश टाकलाय. निळा."

"निळा? आपला तर करडा आहे."

"तेच म्हटलं मी."

"अगं, खालच्यांच्या सैन्याचा रंग निळा होता! पान चौसष्ट!" टाचणीचा ऊर भरून आला. नुसत्या वर्गातल्या खेळासाठी शिडी गणवेश शिवून घेत होती.

"दोन जोड सांगितलेत," आई म्हणाली.

"एक धुवायला."

आईने मशीन थांबवलं, मुलीकडे पाहिलं, काहीतरी बोलणार असं वाटलं. पण तोंडात टाचण्या असल्या की आईला न बोलायची सोय व्हायची. तिने पुन्हा पायडल मारलं.

तिसऱ्या आठवड्यात मात्र टाचणीची मजा कमी झाली. काहीही झालं तरी शिडी गुरुवारी दार उघडणार, हे तिला एकाएकी खरंच वाटायला लागलं. बुधवारी शाळा सुटताना तिने हसत विचारलं, "नाही ना उघडणार?" शिडी हसली नाही. मग टाचणीनेही हसणं बंद केलं आणि पुन्हा विचारलं.

"वीस गुण जातील गं," शिडी म्हणाली.

"जातील. माझ्यासाठी नाही का घालवणार?"

शिडीने फाटकाकडे पाहिलं. "नाही उघडणार," ती म्हणाली. "बस?"

टाचणी घरी उड्या मारत गेली. तिची मैत्रीण तिच्यासाठी इतिहास मोडणार होती, आणि वर वीस गुण.

गुरुवारी चौथ्या तासाला खालचे वर्गात कोंडले गेले आणि वरचे पंधरा जण बाहेर व्हरांड्यात उभे राहिले. दाराची कडी फार वर होती. तिच्यापर्यंत फक्त शिडीचा हात पोहोचायचा. दुष्काळ भिंतीला टेकून कोणाचा तरी डबा चाटून पुसून खात होता.

"पान अठ्ठ्याऐंशी," सर म्हणाले.

शिडी दारापाशी गेली. तिने कडीवर हात ठेवला. नदीनेसुद्धा पाय आवरून घेतले.

"नाही उघडणार," शिडी म्हणाली.

"उघड."

"नाही सर."

"अगं, पुस्तकात उघडलंय!"

"मी नाही उघडणार."

वर्गात एकच गलका झाला. खालच्यांनी बाकं बडवली. बाहेरून मुख्याध्यापकांचा आवाज आला, "तुम्ही पंधरा जण इथे काय करताय रे?" आणि कोणीतरी नम्रपणे उत्तर दिलं, "सर, जिंकायला थांबलोय."

इतिहासाचे सर खुर्चीत बसले. "दार उघडलं नाही तर युद्ध संपत नाही," ते म्हणाले. "युद्ध संपलं नाही तर तह नाही, तह नाही तर राज्यघटना नाही. पुढची दोन प्रकरणं मी कुठून आणू? सोमवारी चाचणी आहे!"

टाचणीला काही ऐकू येत नव्हतं. ती बाकावर उभी राहून शिडीकडे बघत होती आणि तिला वाटत होतं की आपण रडलो तर सेनापतीला शोभणार नाही, पण रडावंच.

"शून्य," सर म्हणाले. "शून्य म्हणजे शून्य." त्यांनी हजेरीपट उघडला, कारण गुण ते त्यातच मागे लिहायचे. बोट फिरवत शिडीच्या नावाशी आले आणि थांबले. चष्मा काढून पाहिलं, चष्मा लावून पाहिलं.

"तुला शून्य देता येत नाही," ते म्हणाले.

"का सर?" खालचे ओरडले. त्यांना वाटलं, आपण जिंकलो.

"तिच्या नावावर तांबडी रेघ आहे. नाव कमी झालंय. दाखला नेलाय तिने." सरांनी शिडीकडे पाहिलं. "आज तू आलीस कशाला मग?"

शिडीने कडीवरचा हात काढला. "निरोप घ्यायला," ती म्हणाली. "पण जमेना."

बाक बडवणारे हात एकेक करून थांबले. टाचणी बाकावरून खाली उतरली. एवढ्या उंचीवरून उतरायला तिला कधी इतका वेळ लागला नव्हता.

"कुठे?" तिने विचारलं.

शिडीने त्या लांबच्या शहराचं नाव घेतलं.

"फॉर्म तर फाडला होतास."

शिडी वेणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागली.

"माझ्यासमोर फाडलास. उभा, आडवा, तिरका. काय फाडलंस तू?"

"झेरॉक्स," शिडी म्हणाली.

कोणीतरी हसलं. हसण्यासारखंच होतं ते. दुसऱ्या कोणाच्या बाबतीत घडलं असतं तर टाचणी सगळ्यांत मोठ्याने हसली असती.

"परीक्षा कधी दिलीस?"

"मावशीचं ऑपरेशन होतं ना, त्या रविवारी."

"मावशी?"

"मावशी ठणठणीत आहे."

"निकाल?"

"चिठ्ठ्या काढल्या त्याच्या आदल्या शनिवारी." शिडी एक पाऊल पुढे आली. "सांगणार होते गं. रोज सांगणार होते. आणि मला तीच चिठ्ठी आली, मी काय करू? पण बघ ना, मी दार नाही उघडलं. तुला शब्द दिला होता. सरांनी एवढं सांगितलं तरी नाही उघडलं."

टाचणीने ते तपासून पाहिलं, आई उसवलेली शिवण तपासते तसं, दोन बोटांत धरून. ज्या वर्गाच्या पटावर आपण नाही, त्या वर्गातले वीस गुण शिडीने तिच्यासाठी घालवले होते. टाचणी काल त्या वीस गुणांसाठी घरापर्यंत उड्या मारत गेली होती.

"उघडलं असतंस तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "निदान पुस्तकात होतं."

मग तिने आपला बाक ओढला. बाक फरशीवर किंचाळत दारापर्यंत गेला. ती वर चढली, तरी हात पुरेना. तेव्हा बाकावर दप्तर ठेवलं, दप्तरावर इतिहासाचं पुस्तक ठेवलं, आणि त्यावर चवड्यांवर उभं राहून कडी काढली.

"सेनापती दार उघडत नाही!" सर म्हणाले. "असं कुठे लिहिलंय?"

"तुमची राज्यघटना अडलीये ना सर? घ्या."

वरचे आत आले. जिंकल्यावर काय करायचं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे ते रिकाम्या बाकांशेजारी पाहुण्यांसारखे उभे राहिले. शेजारी राष्ट्राने वहीतून डोकं वर काढून "संपलं का?" असं विचारलं. टाचणी खाली उतरली आणि मागच्या भिंतीशी जाऊन उभी राहिली, कारण पान एकोणनव्वदवर सेनापतीला भिंतीशी उभं करतात. वर्गाकडे पाठ, भिंतीकडे तोंड. भिंतीला नुकताच रंग दिलेला होता, त्यावर बघण्यासारखं काहीच नव्हतं, आणि तिला तेच हवं होतं.

थोड्या वेळाने शेजारी उंच सावली पडली.

"मी पण उभी राहते," शिडी म्हणाली. "तास संपेपर्यंत. बस संध्याकाळची आहे."

"एकोणनव्वदवर उपसेनापती नाही."

"नसू दे. चिमटा काढ, ओरड, काहीतरी बोल माझ्याशी. तू अशी गप्प नको ना राहूस."

टाचणीने भिंतीवरची नजर हलवली नाही. तिच्या जिभेवर तीन-चार चांगली टोचरी वाक्यं होती, पण ती घरच्या माणसासाठी असतात.

"तुम्ही निघा," ती म्हणाली. "तुम्हाला उशीर होईल. आणि जाताना दार तेवढं लोटून घ्या."

शिडीला आजवर कोणीही अहो-जाहो केलं नव्हतं. ती दोन पावलं मागे सरली. पंधरा वरच्यांनी तिला वाट करून दिली, नदी बाजूला झाली. दार चांगलं उंच होतं, वाकायची काहीच गरज नव्हती. तरी बाहेर पडताना ती वाकली.